ऑस्कर आडवा पडला

"चपला भाईरच काढ. आन् आवाज करू नको," दार उघडल्या उघडल्या दाजी कुजबुजले. "घरात आजारपण हाय."

मी कुरुंदवाडहून सकाळच्या एस.टी.नं इचलकरंजीला आले होते, ती माझ्या थोरल्या बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला. शैलजाअक्काला आठवा लागला होता. हातातली पिशवी उंबऱ्यावरच टाकून मी आत धावले. बाहेरच्या खोलीत अक्काच्या सासूबाई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. पदर डोळ्यांना लावलेला. आणि त्यांच्यासमोर, पाण्यानं भरलेल्या मोठ्या काचेच्या पेटीत, एक मासा तळावर आडवा पडला होता.

"कालधरनं असा पडलाय बघ माझा राजा," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "तोंडात कायसुदिक घेतलं न्हाई."

"आणि अक्का?"

"ती आत हाय. पडलीया."

"तिला काय झालंय?"

"तिला काय हुतंय? रुसलीया," सासूबाई म्हणाल्या आणि परत काचेला नाक लावून बसल्या.

आजारपण माशाचं होतं. दाजींनी 'आजारपण' हा शब्द त्या माशासाठी वापरला होता, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

या माशाची हकिगत मला अक्काच्या तोंडून माहीत होती. दाजींच्या घरचे यंत्रमाग होते, आणि दोन वर्षांपूर्वी धंदा बसला तेव्हा कुणीतरी एक वास्तूवाले गुरुजी गाठून दिले. गुरुजींनी सगळं घर फिरून पाहिलं आणि सांगितलं की दारासमोर मासा ठेवा. साधासुधा नाही, ऑस्कर. तळहाताएवढा आणलेला तो मासा आता चांगला हातभर झाला होता. अंगावर काळ्या रंगात निखारे विस्कटल्यासारखे नारिंगी डाग, आणि शेपटीच्या मुळाशी नारिंगी कड्यात एक काळा ठिपका, अगदी डोळ्यासारखा. हा त्याचा पाठचा डोळा, यानं तो घरावर नजर ठेवतो, असं गुरुजींचं म्हणणं. मासा एरवी होताही मोठा लाघवी, हे मी नाकारणार नाही. सासूबाई खोलीत आल्या की पाणी हलवून नाचायचा, त्यांच्या हातातून सुकी कोळंबी घ्यायचा. परक्या माणसाला बघून मात्र कोपऱ्यात जायचा. सासूबाई त्याला राजा म्हणायच्या. माझ्या बहिणीला लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी 'ए पोरी' म्हणायच्या.

मी आतल्या खोलीत गेले. खिडकी लावून घेतलेली. अक्का भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडली होती.

"खिडकी उघडू नको गं वैजू," ती म्हणाली. "उजेड सोसत न्हाई."

मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. डोळे सुजून बारीक झाले होते. सातव्या महिन्यात ओटी भरताना घातलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या आणि त्यांच्या कडेनं कातडी लाल झाली होती. पायावर बोट दाबलं तर खळगा पडला, आणि तो भरून यायचं नाव घेईना.

"कधीपासून असं होतंय?"

"रविवारपासनं डोकं फुटाय लागलंय. काल डोळ्यांपुढं काजवे चमकाय लागले. हितं," तिनं छातीखाली हात ठेवला, "हितं कळ यायलीया."

"कुणाला सांगितलंस का?"

"आत्यांना सांगितलं." अक्का सासूला आत्या म्हणायची. "त्या म्हनल्या, माहेरी पाठवलं न्हाई म्हणून सोंग घेतलंस."

रविवारी काय झालं होतं ते मग तिनं तुटक तुटक सांगितलं. रविवारीच तिला आमच्याकडे पाठवायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी गुरुजी आले आणि म्हणाले, माशाची पेटी दारासमोर नको, ईशान्येला हवी. मग पेटी रिकामी झाली, कोपऱ्यात गेली, जुनं पाणी गटारात गेलं. माशाच्या पेटीत पहिल्यापासून फुटक्या पाट्याचा एक तुकडा होता, तो काढून परसात टाकला. त्याऐवजी रंगीत काचेच्या गोट्या आणि प्लास्टरचा एक किल्ला आला. मासा आधी कोपऱ्यात दडून बसला आणि काल सरळ आडवाच झाला. गुरुजींना फोन गेला. गुरुजींनी हुकूम सोडला, मासा घरावरचं संकट अंगावर घेतोय, तो उठून उभा राहीपर्यंत घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. घरची लक्ष्मी म्हणजे माझी बहीण. रोज जिला 'ए पोरी' म्हणत, ती त्या दिवशी लक्ष्मी झाली, तीही अडकवून ठेवण्यापुरती.

मी बाहेर आले. "मावशी, अक्काला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"कशाला? महिने भराय अजून येळ हाय."

"तिचं अंग सुजलंय. डोकं दुखतंय, उजेड सोसत नाही."

"पोटुशीचं अंग सुजतंयच. आमी काय पोरं जन्माला घातली न्हाईत व्हय? मला ह्या रमाकांताच्या येळला पायात चप्पल शिरत न्हवती, आन् मी मागाच्या सुताच्या कांड्या भरत हुते." त्यांनी पदर खोचला. "रुसून बसलेल्या मानसाकडं ध्यान दिलं की त्येला आणखी चेव येतो. पडू दे. उठंल आपली आपण."

मी दाजींकडे वळले. "दाजी, तुम्ही बघा तरी तिला. बांगड्या फोडायची वेळ आलीय."

दाजींनी आईकडे पाहिलं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला कुठलाही प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी तो आईकडे बघायचा. तुला चहा पाहिजे का, असं विचारलं तरी. "मासेवाला येऊ दे गं वैजू," ते म्हणाले. "कोल्हापुरास्नं निघालाय. मासा एकदा उठला की मी सोता गाडी काढतो."

म्हणजे माशासाठी कोल्हापूरहून माणूस निघाला होता. आणि दवाखाना त्यांच्या घरापासून इतका जवळ होता, की गच्चीवर उभं राहिलं तर त्याची पाटी वाचता आली असती. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी परत आत जाऊन अक्काला पाणी पाजलं आणि साबण लावून बांगड्या काढायला बघितलं. निघेनात. एक फोडली. हिरवी बांगडी फुटल्याचा आवाज झाला तशा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "भरल्या घरात बांगडी फोडलीस? राजा तिकडं तसा पडलाय आन् तू हितं ही अवदसा आणतीस?" मी उरलेल्याही फोडल्या.

मासेवाला आला तो टेम्पोतून. मन्सूरभाई त्याचं नाव. अंगानं जाड, बोलायला गोड, आणि प्रत्येक घरात आपल्याला डॉक्टरचा मान मिळतो याची पुरती जाणीव असलेला माणूस. आल्या आल्या त्यानं बाह्या वर सारल्या, काचेशी वाकला, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग काचेवर टिचकी मारली. माशानं एक डोळा फिरवून त्याच्याकडे पाहिलं आणि परत फिरवला.

मन्सूरभाई खदखदून हसला.

"काकी, ह्येला कायबी झालेलं न्हाई. रुसलाय त्यो!"

"रुसलाय?"

"मग? पेटी कुणी हलवली? आतलं सामान कुणी बदललं? ह्यो ऑस्कर हाय, काकी, ह्येचं डोकं मानसासारखं. ह्येची मूळ जात लांबच्या देशातली, मोठ्या नदीच्या संथ पाण्यातली. आपली जागा आपण लावून घेतोय. तोंडानं खडं उचलंल, हितलं तितं टाकंल, झाड लावलासा तर उपटून फेकंल. आन् त्येची लावलेली जागा दुसऱ्यानं मोडली, की असा आडवा पडतोय. बघणाऱ्याला वाटतंय, मेला. मेला कशाचा, बघतोय न्हवं तुमच्याकडं!"

"आन् ह्येचा पाठचा डोळा बी बारीक झालाय, बघा की."

"त्यो डोळाच न्हवं, काकी. नुस्ता ठिपका. ह्येच्या मुलखात शेपट्या तोडणारं मासं असत्यात. त्यास्नी तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं कळू न्हाई, म्हणून देवानं काढून दिलेलं सोंग. खरा डोळा ह्यो हिकडं." मन्सूरभाई आता रंगात आला होता. "लई जिवाचा मासा. जोडी लागली की नर-मादी दोघं मिळून सपाट दगड घासून लख्ख करत्यात, त्येच्यावर अंडी घालत्यात. मग बापबी तितंच. पाणी हलवत दोघंबी राखत बसत्यात. कुणी जवळ हात नेला तर बाप अंगावर येतोय."

मी दाजींकडे पाहिलं. ते माशाकडे बघत होते.

"मग आता काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"औषध न्हाई ह्येला. हलवलेलं सगळं होतं तसं परत ठेवा. बास. मग ह्येचा राग हाय, आन् ह्यो हाय. आज उठंल, न्हाईतर चार दिसांनी उठंल."

परसातून पाट्याचा तुकडा आला. मन्सूरभाईनं किल्ला आणि गोट्या काढल्या, तुकडा धुऊन आत सोडला. आणि सासूबाईंचा चेहरा असा काही खुलला, की मी बघतच राहिले. "अगंबाई! रुसलाय व्हय माझा राजा! चुकलं रं बाबा आमचं. तुला न इचारता तुझं घर हलवलं," असं म्हणत त्या काचेवरून हात फिरवायला लागल्या. दाजींना म्हणाल्या, "रमाकांता, ताजी कोळंबी घेऊन ये. समजूत काढाय पायजे."

तिथं माझा ताबा सुटला.

"मासा रुसला तर त्याची समजूत काढायची," मी म्हणाले, "आणि सून रुसली तर पडू द्यायची? बरं, रुसली तरी आहे का ती? मावशी, तुमच्या घरात रुसलाय तो मासा. आजारी आहे ती माझी बहीण. तुम्ही रुसलेल्याला डॉक्टर आणलात आणि आजारी माणसाला कोंडून घातलंत."

"तोंड सांभाळ, पोरी. पावणी म्हणून आलीस..."

"मी पाहुणी म्हणून आले नाही, न्यायला आलेय. चाललेय घेऊन."

"मासा उठल्याबिगार न्हाई!" सासूबाई उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. "गुरुजींनी सांगितलंय. घरावर काय आलं तर कोण जबाबदार?"

मी मन्सूरभाईला म्हणाले, "भाई, तुमचा टेम्पो बाहेर आहे ना?"

तो गोंधळला. हे घर म्हणजे त्याचं मोठं गिऱ्हाईक. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, मग म्हणाला, "बघू द्या तर मला."

आतल्या खोलीच्या दारातून त्यानं अक्काला पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "या अल्ला," एवढंच तो म्हणाला आणि टेम्पो दाराशी लावायला धावला.

आम्ही दोघांनी अक्काला धरून बाहेर काढलं. सासूबाई दारात होत्या. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला केलं. माझ्यापेक्षा तिपटीनं मोठ्या बाईच्या अंगाला मी हात लावला, आणि त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. दाजी म्हणाले, "आई, मी जाऊ का संगट?" त्या म्हणाल्या, "गुरुजी यायचेत. तू हितंच थांब." आणि ते थांबले. एका हातात कोळंबी आणायची रिकामी पिशवी, दुसरा हात दाराच्या चौकटीला, असे ते उभे होते. ज्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली तो बाप तिथं उभा राहून तिला टेम्पोत चढताना बघत होता.

टेम्पोत पाण्याचे ड्रम होते आणि लहान माशांनी भरलेल्या फुगीर पिशव्या टांगलेल्या. खाली पोती अंथरली, त्यावर अक्का, तिचं डोकं माझ्या मांडीवर. मुख्य रस्त्याला वळलो तेवढ्यात तिचे डोळे फिरले. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली, सगळं अंग थडथडायला लागलं. मी ओरडले. मन्सूरभाईनं मागं न बघता हॉर्नवर हात दाबून धरला तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत उचलला नाही.

अक्का वाचली. मुलगी वाचली नाही. जावळ भरपूर होतं, रंग अक्काचा. फक्त रडली नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा माझ्यावरच चिडल्या. "एवढं बीपी वाढेपर्यंत घरी काय करत होता तुम्ही? काल आणली असती तर दोघी मिळाल्या असत्या." काय करत होतो, ते सांगितलं असतं तर त्यांना ते खरं वाटलं नसतं.

माझे आईवडील आले. आई अक्काच्या उशाशी बसून राहिली. अक्का शुद्धीवर आली, तिला कळलं, आणि ती रडलीसुद्धा नाही. नुसती वर पंख्याकडे बघत राहायची.

दाजी आणि सासूबाई आले ते तिसऱ्या दिवशी. सासूबाईंच्या हातात देवाचा अंगारा आणि पेढ्यांचा पुडा. मला पुडा बघून कळेना, हा कशाचा. त्या खुर्चीवर बसल्या, पदरानं घाम पुसला. दाजी पायथ्याशी उभे राहिले.

"राजा उठला गं," सासूबाई म्हणाल्या. "तुमी गेलासा त्याच सांजेला उठला. हातातनं कोळंबी घेतली. मग मी पेढं बोलले हुते, ते देवाला ठेवून आणलं."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. त्या पुढं वाकल्या आणि अक्काच्या कपाळाला अंगारा लावत म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको, पोरी. गुरुजी म्हनले, घरावर मोठं संकट हुतं. मासा घ्यायचा त्ये बारक्या पोरीनं अंगावर घेतलं. घर वाचलं आपलं."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, पण ते तोंडातून निघायच्या आधीच अक्कानं माझा हात धरला. त्या मनगटावर बांगड्यांचे वळ अजून होते.

"आत्या," ती म्हणाली. तीन दिवसांत तिनं उच्चारलेला तो पहिला शब्द. "तवा तुमी म्हनत हुतासा, मी रुसले. मी रुसले न्हवते. मला बरं न्हवतं."

"व्हय गं. पण आता..."

"आता रुसलेय."

तिनं कपाळावरचा अंगारा पुसला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

सासूबाई हसल्यासारखं करून माझ्याकडे वळल्या. "काय बाई हा राग! अगं, असं किती दीस चालायचं? ह्या पोरीची समजूत काढायची तरी कशी?"

"मन्सूरभाईंनी सांगितलंय की," मी म्हणाले. "ह्याला औषध नाही, मावशी. हलवलेलं सगळं होतं तसं परत ठेवा."

पलंगाशेजारी दवाखान्याचा लोखंडी पाळणा होता. रिकामा होता, पण तिथून कुणी हलवला नव्हता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दाजींनीही पाहिलं, आणि या वेळी आईकडे न बघता ते एकटेच बाहेर निघून गेले. पेढ्यांचा पुडा खुर्चीवर तसाच राहिला. तो मी खाली झाडूवालीला दिला.

दवाखान्यातून अक्का आमच्याबरोबर कुरुंदवाडला आली. न्यायला म्हणून दाजी चार-पाचदा आले, पंचमंडळी आली, एकदा खुद्द गुरुजी आले. अक्का कुणाशी भांडली नाही, कुणाला दोष दिला नाही. माणसं आली की आत जायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. माणसं गेली की उठून कामाला लागायची. पुढं तिनं शिवणाचं दुकान काढलं. आता हाताखाली बायका आहेत, नदीकडच्या गल्लीत स्वतःचं घर आहे, आणि त्या घरात कुठली वस्तू कुठं ठेवायची हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. सासूबाई गेल्या, मासा तर कधीच गेला असेल. अक्का अजून रुसलेलीच आहे.